खाऱ्या वाऱ्यातला जिना

माझ्या धाकट्या बहिणीचं घर माझ्यामुळे गेलं. आमच्यात कोणी तसं म्हणत नाही. पावसानं गेलं म्हणतात, नशिबानं गेलं म्हणतात. मी चाळीस वर्षं लाकडाला पॉलिश करतो आहे. पाऊस काय करतो आणि पॉलिशवाला काय करतो, यातला फरक मला कळतो.

कुंभकोणमला मेलकावेरीत आमचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची पडवी. आपला पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर घोड्यावर बसून आला, असं आमच्या मराठी घरांत प्रत्येक जण सांगतो. एवढे सगळे घोड्यावर होते तर पायी कोण चाललं, असं मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं आणि थप्पड खाल्ली होती. घोडा कधीच गेला, आमच्या हातात पॉलिशची चिंधी आली. वडील झोपाळे, दारं आणि आमच्या भजनमठातली विठोबाची पालखी पॉलिश करायचे, आता मी करतो. पालखीला लाख चढवायची ती सकाळी ओलेत्यानं, आणि लाकडात आपलं तोंड दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही, ही आमच्या घराची रीत. तोंड दिसलं की काम झालं. मला दुसरी कसोटी कोणी शिकवली नाही, आणि खरं सांगायचं तर मी शिकायला गेलोही नाही.

बहीण विसाव्या वर्षी नवऱ्याचं घर सोडून परत आली. सहा वर्षं ती आमच्या मागच्या खोलीत राहिली. त्या सहा वर्षांबद्दल मी फारसं बोलत नाही, कारण त्यांत माझी बायको वाईट दिसत नाही, मीच दिसतो. मग तिनं नर्सचं शिक्षण घेतलं आणि नागपट्टिणमच्या पलीकडे एका कोळीवस्तीत सरकारी नर्स म्हणून गेली. तीस वर्षं तिनं तिथल्या बायकांची बाळंतपणं केली. निवृत्त झाल्यावर तिथंच एक जुनं घर विकत घेतलं. एकट्या बाईनं समुद्रापाशी कशाला राहायचं, परत ये, असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती म्हणाली, मरेन ती इथं, पण पुन्हा कोणाच्या मागच्या खोलीत येणार नाही. ते ‘कोणाच्या’ म्हणजे माझ्याच, हे न कळण्याइतका मी बावळट नाही.

घर खाली दोन खोल्या आणि वर एक, असं होतं. वादळात खालच्या खोल्यांत गुडघाभर पाणी शिरायचं, म्हणून तिचा पलंग, कपाट, देव सगळं वर. वर जायला भिंतीच्या बाहेरून जिना. आधीचा लोखंडी जिना खाऱ्या वाऱ्यानं खाऊन टाकला होता. काँक्रीटचा जिना त्या जुन्या भिंतींना झेपणार नाही, असं मेस्त्रीनं सांगितलं. राहिलं लाकूड. बिबळा झाडाच्या चांगल्या, जाड, पिकलेल्या लाकडाच्या बारा पायऱ्या तिनं करवून घेतल्या आणि मला फोन केला. सुतार दुसरा असला तरी हात माझाच लागला पाहिजे, म्हणाली. तो जिना शाबूत तर तिचं घर शाबूत, इतकी ती साधी गोष्ट होती.

मी डबे, ब्रश, घासकागद घेऊन गेलो. शेजारी एक म्हातारा कोळी राहायचा. बाकीच्या सगळ्यांच्या नावा आता फायबरच्या झाल्या आहेत, ह्याची एकट्याची अजून लाकडी. तो येऊन पायरीवर बोट वाजवून बघून गेला आणि थोड्या वेळानं परत आला. त्यानं सांगितलं ते असं. इथला वारा मीठ घेऊन येतो. उन्हात लाकूड उकलतं, त्यात मीठ बसतं, मीठ रात्रभर पाणी धरून ठेवतं. म्हणून इथं लाकडावर काही थापायचं नाही, लाकडाला पाजायचं. मासळीचं तेल पातळ करून पाजायचं, खालून वरून, कापलेल्या टोकांना तर सगळ्यात जास्त. आणि दर वर्षी ऐप्पसीचा, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, पाऊस लागायच्या आधी पुन्हा. दिसायला काळपट दिसतं, पण त्याच्या बापाची नाव तशीच टिकली आहे.

मी म्हणालो, या जिन्यानं अंघोळ करून देवाकडे जायचं आहे, मासळीच्या तेलावर पाय देऊन कसं जायचं? बहीण हसली. या वस्तीतल्या अर्ध्या पोरांना ज्या हातांनी बाहेर काढलं त्याच हातांनी मी देवापुढे दिवा लावते, तुझ्या विठोबानं अजून तक्रार केली नाही, असं म्हणाली. मी ऐकलं नाही. म्हाताऱ्यानंही वाद घातला नाही. मासळी नको तर काजूच्या टरफलांचं तेल घ्या, म्हणाला, त्यात जीव नाही, आणि किडा जवळ येत नाही.

इथं माझं सोंग उघडं पडतं. काजूच्या टरफलाला सोवळ्याची काय अडचण? उलट मी जन्मभर पालखीला जी लाख लावली ती किड्यांची, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. देवाचं नाव मी पुढे केलं होतं, खरं कारण वेगळं होतं. ते तेल डांबरासारखं काळं असतं. कुंभकोणमहून बहिणीच्या घरी खास आलेला पॉलिशवाला काळाकुट्ट, चिकचिकीत जिना करून गेला, असं वस्तीनं म्हणावं हे मला सोसणार नव्हतं. मी म्हाताऱ्याला सांगितलं, तुम्ही नावेचं बघा, मी जिन्याचं बघतो.

चार दिवस खपलो. भेगांत लांबी भरली, घासलं, सागवानी रंगाचा स्टेन दिला आणि त्यावर बाहेरच्या कामाच्या वॉर्निशचे पाच हात चढवले. प्रत्येक हात वाळला की घासायचा आणि पुन्हा. पाचव्या हाताला पायरीत नारळाच्या झावळ्या दिसायला लागल्या. वस्तीतल्या बायका बघायला आल्या, आणि नर्सम्माचा जिना काचेचा आहे म्हणाल्या. मी जेवताना दोनदा ते वाक्य पुन्हा सांगितलं. बहिणीनं फक्त एवढंच विचारलं, की पाजायचं ते राहिलं नाही ना. मी म्हणालो, पाच हात दिलेत, आणखी काय पाजू?

पहिल्या वर्षी पावसाआधी तिचा फोन आला. म्हातारा म्हणतो आहे तेलाचं बघा. मी तिला मोबाइलवर फोटो पाठवायला सांगितला. फोटोत जिना चकचकीत होता. मी म्हणालो, बघ, चमकतो आहे ना, मग झालं.

दुसऱ्या वर्षी फोटोत पायऱ्यांच्या कडांना पांढुरके डाग आणि केसासारख्या रेघा होत्या. मी म्हणालो मीठ असेल, ओल्या फडक्यानं पुसून घेत जा, चमक राहील. चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसानं फुटलेल्या वॉर्निशवर रोज ओलं फडकं फिरवायला सांगितलं. आणि ती रोज पुसत राहिली.

तिसऱ्या वर्षी तिनं फोन केला तेव्हा पायरी वाजते म्हणाली. मठाचा उत्सव तोंडावर आला होता, पालखी पॉलिशसाठी अंगणात सुटी करून ठेवली होती. चमक आहे ना, मग उत्सव झाला की येतो, म्हणालो. बसनं तीन तासांचा रस्ता. चौथ्यांदा तिनं आठच दिवसांनी फोन केला, आणि मी वैतागून विचारलं, चमक गेली आहे का? नाही, म्हणाली. मग पायरीचा आवाज काय, लाकूड आहे, बोलणारच, असं म्हणून मी फोन ठेवला.

ऐप्पसीतल्या एका दुपारी, पाऊस चालू असताना, खाली कोणी बाई तापलेलं पोर घेऊन आली म्हणून ती उतरत होती. वरून सातवी पायरी मधोमध तुटली. ती त्यातून खाली पडली आणि खुबा मोडला. म्हातारा आणि त्याची सून यांनी तिला दाराच्या फळीवर घालून रस्त्यापर्यंत नेलं. मला कळलं तेव्हा मी पालखीच्या दांड्यावर शेवटचा हात देत होतो. हातातलं काम पुरं केलं आणि मग निघालो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

ती दवाखान्यात होती, तिचे कागद आणायला मला तिच्या घरी जावं लागलं. पाऊस थांबला होता आणि जिना उन्हात चमकत होता. वरून कीर्तन, आतून तमाशा, ही म्हण आमच्या घरात दुसऱ्यांबद्दल फार वापरली जायची. मी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पहिल्या पायरीला खालून टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. दुसरीला टोचला, तिसरीला टोचला. वरचं वॉर्निश प्लास्टिकच्या कागदासारखं अखंड निघालं आणि त्याच्याखाली लाकूड नव्हतं, ओला काळा भुसा होता. पायऱ्यांची खालची बाजू आणि भिंतीकडची कापलेली टोकं मी तशीच कोरी सोडली होती, कारण ती कोणाला दिसत नाहीत. पाणी तिथून आत शिरलं होतं, आणि वरून पाच हातांनी मीच त्याची बाहेरची वाट बंद केली होती. तीन वर्षं ते आत बसून होतं.

म्हातारा येऊन उभा राहिला. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं भुसा चिमटीत घेऊन चुरगाळला, वास घेतला आणि तमिळमध्ये एवढंच म्हणाला, “लाकूड चांगलं होतं.”

डॉक्टरांनी सांगितलं, जिना चढणं संपलं आणि एकटं राहणंही संपलं. ती म्हणाली मी खालच्या खोलीत राहीन. पण खालच्या खोलीत पाणी शिरतं, आणि पाणी आलं की ज्याला पळता येतं त्यानंच तिथं राहावं, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्या दिवशी तिनं घर विकायच्या कागदांवर सही केली. मी पेन पुढे केलं ते तिनं घेतलं नाही, नर्सकडून दुसरं मागून घेतलं.

भाड्याच्या गाडीतून तिला कुंभकोणमला आणताना मी सगळा रस्ता बडबडत होतो. नवी गादी घेतली आहे, खोलीला रंग दिला आहे, असलं काहीबाही. कावेरीचे कालवे दिसायला लागले तेव्हा ती बोलली. तिची भाषा आमची घरातलीच, तीस वर्षं बाहेर राहूनही तशीच.

“अण्णा, चार बारी विचारलें मी तुज. चारी बारी तूं चमक सांगितलास.”

मी मान खाली घातली. वाटलं, आता ओरडेल. 

“तें काळं तेल मीच आणून लावायाचं होतं,” ती म्हणाली. “डबा दुकानांत मिळतो. पण तूं त्या कामाचा माणूस. तुज वाईट वाटेल म्हणून राहिलें.”

एवढ्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझाच राग आला. रडायचा हक्क गाडीत एकीलाच होता आणि ती रडत नव्हती.

आता दीड वर्ष झालं. मागच्या खोलीत ती वॉकर धरून पलंगापासून मोरीपर्यंत जाते. वस्तीतल्या बायका सुरुवातीला फोन करायच्या, आता ते फोन कमी झाले आहेत. मी पालखीचं काम मठाच्या लोकांना दुसरा माणूस बघा म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं मी थकलो. बायको तिचं सगळं मनापासून करते, मी तिला दोष देणार नाही. तरी जेवण वाढलं की बहीण ताटाकडे बघत थांबते, आणि वाढणारा हात मागे गेल्यावरच घास उचलते. जिनं रात्री-अपरात्री अख्ख्या वस्तीला हुकूम सोडले, दारुड्या नवऱ्यांना दाराबाहेर उभं केलं, ती बाई.

चित्तिरैतल्या भर उन्हाळ्यात एका दुपारी मी तिच्या खोलीत गेलो. घामानं तिचा पदर भिजला होता, आणि पंख्याचं बटण तिच्या उशाशीच, हात लांब करायचीही गरज नव्हती.

“अण्णा, फॅन लावूं का?” तिनं विचारलं.

“तुझंच घर हें,” मी म्हणालो. “विचारतेस कशास?”

तिनं मान हलवली. रागानं नाही, एखाद्या रोग्याचा गैरसमज दूर करावा तशी.

“नव्हे. लावूं का?”

तिचा हात बटणापाशी होता, पण ती थांबून राहिली. शेवटी मी “लाव” म्हणालो, आणि मग तिनं बटण दाबलं.