गर्भजलाचा मुद्देमाल

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत बरेच गुन्हे उघड केले, शाबासक्याही घेतल्या. या प्रकरणात गुन्हा मुळात नव्हताच.

तेव्हा मी नागपुरात ठाणेदार होतो. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी ठाण्यात एका बाईचा फोन आला. नाव सांगितलं नाही. काटोलची एक सून सीताबर्डीजवळच्या दवाखान्यात पोटातलं पाणी तपासायला निघाली आहे, मुलगी असली तर पाडणार, असं तिचं म्हणणं. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली.

अशा वेळी आधी आरोग्य अधिकाऱ्यांना कळवायचं असतं. झडती आणि जप्ती त्यांचं काम. पण ते बैठकीत होते आणि मला धीर नव्हता. छाप्यांत माझा हातखंडा होता, त्याची थोडी मस्तीही होती. दोन पंच घेऊन मी थेट गेलो. डॉक्टरांनी नुकतंच सुईने गर्भजल काढलं होतं. नमुना आजच प्रयोगशाळेत गेला पाहिजे, नाहीतर वाया जाईल, असं ते सांगत होते. मला वाटलं, पुरावा गायब करायची धडपड आहे. नमुन्याच्या नळ्यांना लाखेचं सील केलं, पंचनामा केला आणि मुद्देमाल खोलीत ठेवून दिल्या. त्या खोलीत पंखासुद्धा नाही.

नवऱ्याची चौकशी दुपारभर चालली. तो तोंड उघडेना. गप्प माणूस म्हणजे गुन्हेगार, असं आम्ही पोलीस फार लवकर धरून चालतो. शेवटी त्याची बायकोच बोलली. तिने पिशवीतून थोरल्या मुलीचं सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब, पोरगा का पोरगी, हे आमी इचारलंच नाही. माह्या पोरीचे हाडं दुखते तं ते आंगाले हात लावू देत नाही. हेही लेकरू तसंच हाय का, एवढंच पाहून राहिलो होतो."

"मग घरी काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सासूबाई म्हणते पोरीले नजर लागली. तिच्या पोराच्याही रक्तात रोग हाय, हे तिले कोन सांगन?"

फोनचा नंबर काढला. तो त्या सासूचाच निघाला. पोटातलं पाणी तपासणार एवढंच तिच्या कानावर आलं होतं, म्हणून नात वाचावी यासाठी तिने फोन केला होता. तिला दोष देता येईना, तसं आवाहन आम्हीच पाट्या लावून करत होतो.

सोमवारी आरोग्य अधिकारी आले. कागद तपासले, चाचणी आजारासाठीच होती आणि कायद्यात बसत होती. नळ्या सोडल्या, पण तोवर नमुना खराब झाला होता. डॉक्टरांनी पुन्हा सुई घालण्यातला धोका समजावून सांगितला. बाई तयार झाली. यावेळी पाणी गळत राहिलं आणि तिसऱ्या दिवशी गर्भ गेला.

दुसऱ्या नमुन्याचा अहवाल नंतर आला. बाळाला आजार नव्हता. अहवाल न्यायला घरचं कुणी येईना, म्हणून तो घेऊन मी स्वतः काटोलला गेलो. दार सासूने उघडलं. कागदात काय आहे ते मी तिला सांगितलं.

"पोरगी होती का, साहेब?" तिने विचारलं.

अहवालात ते लिहीत नाहीत, एवढंच मी म्हणू शकलो.

खात्याने मला साधी समजही दिली नाही. माझी मलाच लाज वाटली, अजूनही वाटते. पोलिसाच्या घाईची शिक्षा पोलिसाला क्वचित होते. माझ्या घाईची शिक्षा त्या घराला झाली.