दाराकडे तोंड केलेल्या चपला

या गं पोरींनो, जवळ या. आधी हातातले ते फोन खाली ठेवा. एरवी "मावशी, टाइमच नाही मिळत" म्हणता, आणि भुताखेताचं म्हटलं की बरा मिळतो टाइम! पण ही भुताची गोष्ट नाही, सांगून ठेवते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. साताऱ्याला स्मशानाच्या वाटेने एकटी दळण घेऊन यायची मी...

शाळा सातवीपर्यंत, बाकी जे आलं ते वाचून. माझ्या मुलाने, संजूने, मला इथे प्लेनोला सहा महिन्यांसाठी म्हणून आणलं. मग ग्रीन कार्ड झालं, मग बीपी निघालं, मग "तिथे एकटी पडलीस तर उचलणार कोण?" पासपोर्ट त्याच्या लॉकरमध्ये. आणि यंदा म्हणाला, साताऱ्याचा ब्लॉक विकून टाकू.

तेव्हाच नातीला, इराला, शाळेत प्रोजेक्ट आला — अपाची नावाच्या इथल्या आदिवासी जमातीचा एक लढवय्या पुढारी. त्याचं नाव मी घेत नाही. त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव उगाच घेत नाहीत, असं तिने वाचलं होतं. मला लगेच पटलं. मी तरी ह्यांचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं? मूठभर माणसं घेऊन डोंगरात राहिला आणि अख्ख्या फौजेला दमवलं त्याने. सातारच्या बाईला हे काय समजावून सांगायचं! शेवटी "शरण ये, पुढे घरी जाऊ देऊ" म्हणाले. तो आला. घर पुन्हा दिसलं नाही.

त्याची कबर ओक्लाहोमात, लष्कराच्या तळावर. एका शनिवारी आम्ही तिघं ड्राइव्ह करून गेलो. गेटवर ओळखपत्रं मागितली. संजूने माझा पासपोर्ट दाखवला आणि परत स्वतःच्या बॅगेत घातला.

कबर म्हणजे दगडांचा निमुळता ढीग, वर दगडी गरुड. जवळच्या झाडाला चिंध्या बांधलेल्या, आपल्याकडे नवसाच्या झाडाला बांधतात तशा. मी चपला काढल्या.

"आई, देऊळ नाहीये ते," संजू म्हणाला.

"काय आहे ते कळतंय मला."

हात जोडून मागे वळले तर चपला फिरलेल्या! कबरीकडे तोंड करून काढल्या होत्या, आता दोन्हींचं तोंड पश्चिमेला, नीट जुळवून ठेवल्यासारख्या. वारा नाही, आसपास चिटपाखरू नाही. दोघंही माझ्या पुढेच उभी होती. इरा हळूच म्हणाली, "आजी, दॅट वे इज ॲरिझोना. हिज होम."

घरी आलो, आणि रोज सकाळी चपला रॅकवरून दारात. तोंड बाहेर. आमचं दारही पश्चिमेचंच.

"आई, अडखळून पडशील. का ठेवतेस इथे?"

"मी नाही ठेवत."

"मग कोण, भूत?"

"इंजिनियर तू. तूच सांग."

त्याला इराचा संशय. ती मैत्रिणीकडे राहायला गेली त्या दिवशी त्याने स्वतः चपला कपाटात अगदी वर टाकल्या, जिथे माझा हात पोचत नाही, आणि किल्ली खिशात. सकाळी चहा घेऊन आला तो दारातच थबकला. चपला दारात, तोंड बाहेर. कपाट बंद, किल्ली खिशात.

मी म्हटलं, "संजू, पासपोर्ट दे."

"मी काय तुला कैदेत ठेवलंय?"

"नाही रे बाळा. त्यालाही चांगलंच ठेवलं होतं. जत्रेत न्यायचे, फोटो काढायचे, लोक सह्या मागायचे. फक्त घरी जाऊ देत नव्हते. तो विचारत राहिला, विचारत राहिला, आणि मेला. मी विचारत नाहीये. मी जातेय."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग लॉकर उघडला.

पासपोर्ट आता माझ्या पर्समध्ये. ब्लॉक विकायचा नाही, हेही ठरलं. पडले तर पडले — आपल्या उंबऱ्यात पडेन! त्या दिवसापासून चपला काढीन तिथेच राहतात. का फिरल्या, कोणी फिरवल्या... मला नाही सांगता येत. संजू अजून ते कपाट उघडझाक करून बघतो.

दिवाळीच्या आत निघतेय. त्याआधी आणखी एकदा येऊन जा गं. नाहीच जमलं तर थेट साताऱ्याला या, लवकर या. आणि चपला आत तोंड करून काढा, म्हणजे राहायला आलात असं समजेन.