बरं म्हणजे किती बरं

अकोल्याहून निघताना यजमानांनी बजावलं होतं, "मुंबईत रोज काहीतरी पेटतंय. सरांना पत्र टाक आणि गप घरी बस." मी कसली ऐकते! माझ्या गुरूंचा, भास्करराव सरांचा, ग्रंथ छापायला निघाला होता आणि त्यात त्यांच्या जीवनकार्याचा परिचय मी लिहायचा होता. माणसाला समोर बसवल्याशिवाय त्याच्यावर लिहायचं, हे मला जमत नाही. वळकटी बांधली आणि निघाले.

दादरला उतरले तर बाहेर ना टॅक्सी, ना व्हिक्टोरिया (घोडागाडी). हरताळ! दुकानांना फळ्या, रस्त्यावर काचांचा खच, आणि लांबून "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे"चा गजर. मी मुकाट परळच्या दिशेनं चालू लागले, तर कुठूनसा धूर आला आणि डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग झाली. बाप्पा! मी रस्त्यातच किंचाळले.

"ओ बाई, पदर भिजवा नि डोळ्यांवर धरा!" नळाशी उभा असलेला एक माणूस ओरडला. "कुठं जायचंय?"

"लालबागला."

"मग आतल्या गल्लीनं जा. मोठ्या रस्त्यावर पोलीस उभे आहेत."

माझी वर्गमैत्रीण कुंदा लालबागच्या चाळीत राहते. ती मूळची आमच्या अकोल्याचीच, आता परळच्या शाळेत मास्तरीण, सासर मालवणकडचं. माझा अवतार बघून तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आयेनं, आधी तोंडावर पाणी मारायला लावलं आणि मग पाटावर बसवलं. मी मासे खात नाही हे कळल्यावर काळ्या वाटाण्याचं सांबारं (आमटी) झालं, सोबत सोलकढी. जेवण उत्तम, पण घर गप्प होतं. कुंदाचा दीर विश्राम गिरणीच्या साचेखात्यात (मागांच्या विभागात) कामाला. सत्याग्रहात पकडला गेला, तो अजून सुटला नव्हता. आये मला आग्रहानं वाढत होती, स्वतः मात्र घास नुसता चिवडत होती.

दुसऱ्या दिवशी बस सुरू झाल्या आणि मी गिरगाव गाठलं. खोताच्या वाडीतून जाताना लाकडी घरांच्या खिडक्यांतून पियानोचे सूर येत होते. कालचा धूर याच गावातला, हे खरं वाटेना. सरांचं घर वाडीच्या पलीकडच्या टोकाला. सर गॅलरीत आरामखुर्चीत बसलेले. मी अगदी समोर गेले तरी त्यांनी मला ओळखलं नाही, आवाजावरून ओळखलं. त्यांना काचबिंदू झालाय हे मला कुणी कळवलंच नव्हतं. रंगांवर आयुष्य घालवलेल्या माणसाचे डोळे जावेत, हा कसला न्याय?

सौंदर्य कवींच्या हातातून काढून मोजपट्टीवर आणणारे आमच्याकडचे पहिले मानसशास्त्रज्ञ म्हणजे सर. तरुणपणी ते जर्मनीला गेले. तिथे कागदाचे लहानमोठे आयत माणसांपुढे ठेवायचे आणि विचारायचं, यातला नजरेला कुठला भावतो? ती पद्धत घेऊन ते परत आले. घरच्यांनी वकिली कर म्हणून डोकेफोड केली, तरी त्यांनी रंगीत तक्ते केले आणि कॉलेजच्या मुलांना हाताशी धरून लालबागपासून डिलाईल रोडपर्यंत चाळीचाळींतून ते फिरवले. उत्तराच्या पायऱ्या चार: वाईट, बरं, चांगलं, सुंदर.

"शेवटच्या प्रकरणाची मुद्रितं वाच मला," सर म्हणाले. "या आठवड्यात छापून होईल. मग मी सुटलो."

मी वाचू लागले. गिरणीकामगार जवळजवळ प्रत्येक तक्त्याला 'बरं' म्हणतो, असं त्यात होतं. म्हणून निष्कर्ष असा, की श्रमानं मन बधिर होतं. कामगाराची सौंदर्याची जाण दुसऱ्या पायरीवरच थांबते. मी वाचायची थांबले. काल मला पाटावर बसवणारी ती माणसं, त्यांना सौंदर्य कळत नाही?

"सर, हे फार कठोर आहे हो."

"मलाही वाईट वाटलं होतं. पण उत्तरं समोर आहेत, काय करणार?"

एवढ्यात सगुणाबाई चहा घेऊन आल्या. वेंगुर्ल्याच्या या बाई सरांच्या लग्नाआधीपासून या घरात कामाला आहेत. सर हसून म्हणाले, "हिलाच बघ. हिला काही आवडलं असं कधी झालंच नाही. लग्न झालं तेव्हा मोठ्या उत्साहानं विचारलं, 'नवी बाईसाहेब कशी वाटली?' तर म्हणते, 'बरी आसा!' आमच्या हिनं दाराआडून ऐकलं. जन्मभर लागून राहिलं तिला ते." भिंतीवर बाईसाहेबांचा फोटो होता, त्याला ताजा हार घातलेला. सगुणाबाई कप ठेवून आत गेल्या.

संध्याकाळी लालबागला परतले तर चाळीच्या जिन्यात ही गर्दी! विश्राम सुटून आला होता. दाढी वाढलेली, ओठ सुजलेला, सदऱ्याची बाही फाटलेली. आयेनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बरो दिसता माझो झील!" (झील म्हणजे मुलगा.)

मी चाटच पडले. कुंदाला बाजूला ओढलं. "अगं, पोरगा तुरुंगातून आलाय आणि तुझी सासू म्हणते नुसता बरा दिसतो?"

कुंदा पोट धरून हसली. "येडी गं तू! आपलं बरं वेगळं, यांचं बरं वेगळं. यांच्यात नवरी बरी, गणपतीची मूर्तीसुद्धा बरी. बरं म्हणजे मनात भरलं! माझ्या भाजीला 'बरी' म्हणायचे तर मी वर्षभर रुसून होते, माहीत आहे?"

लालबाग, परळ, डिलाईल रोड... चाळीच्या चाळी कोकणातल्या माणसांनी भरलेल्या. ती माणसं तक्ते बघून 'बरां आसा' म्हणाली, म्हणजे मनापासून दाद दिली. आणि सरांच्या मुलांनी ती दुसऱ्या पायरीवर नोंदली! मला झोप कसली येते! बोलावं, तर त्या आंधळ्या होत चाललेल्या माणसाचं सगळं आयुष्य धुळीला मिळणार. न बोलावं, तर आयेसारख्या हजारो माणसांवर तो बधिरपणाचा शिक्का पुस्तकात कायमचा बसणार, आणि परिचयाखाली सही माझी.

सकाळी गेले आणि सांगून टाकलं. गोड करून सांगणं मला येत नाही. सर ऐकत राहिले, खुर्चीचे हात घट्ट धरून. मला वाटलं, आता मला घालवून देतील.

"सगुणा!" त्यांनी एकदम हाक मारली. सगुणाबाई हात पुसत आल्या. "आमची ही... बाईसाहेब कशी होती गं?"

"आता काय इचारतास? बरी होती! तशी बरी मी दुसरी बघूक नाय. उंबऱ्यात उभी रवली तेव्हाच मी म्हटलंय ना तुमका."

सरांनी मान भिंतीकडे वळवली. फोटो त्यांना दिसत नव्हता, तरी ते तिकडेच बघत राहिले. "तिला कुणी सांगितलंच नाही हो," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. मला राग आला होता, एवढी वर्षं एका छपराखाली राहून या बाईचा एक शब्द कळू नये म्हणून. आणि रडूही येत होतं. सगुणाबाई बावरून माझ्याकडे बघत होत्या.

डोळे पुसून सर म्हणाले, "छापखान्यात निरोप धाड. ते प्रकरण काढायचं. आणि तुझा परिचय या चुकीपासून सुरू कर. जर्मनी नंतर."

निघताना आयेनं बांधून दिलेली कोकमं सांभाळत मी अकोल्याला पोचले. यजमान स्टेशनवर आले होते. वळकटी उचलत त्यांनी विचारलं, "काय मग, कशी होती मुंबई?"

"बरी होती," मी म्हणाले.

"एवढी आग तुडवून गेलीस आणि नुसती बरी?"

मला हुंदका आवरेना. "आधी घरी चला," मी म्हटलं, "सगळं सांगते."