वच्छलाबाईचा कुडा

वच्छलाबाईचं नाव निघालं की मला आधी माझाच राग येतो, मग त्या प्रवीणचा.

आमचं गाव सिंदेवाहीच्या जंगलात. पावसाळ्यात कुणाला रक्ताची आव लागली की लोक आधी तिच्या दारात. ती कुड्याच्या सालीचा काढा द्यायची. त्या सालीत अल्कलॉइड असतं आणि ते आव बरी करतं, हे मला अंगणवाडीच्या प्रशिक्षणात कळलं. बाईला तो शब्द ठाऊक नव्हता. पण साल चार बोटंच काढायची, तीही एकाच बाजूची, आणि जखमेवर शेणमाती लावायची, हे पक्कं ठाऊक होतं. सात झाडं होती. जागा फक्त तिलाच माहीत. तिला हे शिकवणारे देवाजी मरताना बजावून गेले होते, "जागा सांगतली का औषधाचा गुन जाते, बाई."

मग औषध कंपनीचा प्रवीण आला. गोडबोल्या. "झाडं दाखवा, आम्ही रोपं वाढवू." बाईने देवाजींचा शब्द पुढे केला. आणि मी शहाणी मध्ये तोंड घालायला गेले. पंधरा बायांसमोर म्हटलं, "मावशी, आपन बौद्ध मानसं. असली अंधश्रद्धा काऊन मानता?" बाई ओशाळली. दुसऱ्या दिवशी त्याला रानात घेऊन गेली.

आठवड्याने कंपनीचा ट्रॅक्टर येऊन गेला. सातही झाडं बुंध्यापासून चहूबाजूंनी सोललेली. बाई सातही झाडांना शेणमाती लिंपत राहिली. कशाचा उपयोग? उन्हाळ्यात झाडं वाळली. या श्रावणात गावात आव आली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती दारातल्या माणसांना "नाई" म्हणाली. शेजारच्या सरिताला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. वाचली, पण त्यात प्रवीणचं काय पुण्य?

परवा तो मेला पुन्हा आला! "बाई, आणखी कुठे कुडा आहे का?"

एका बुंध्याला खालून कोंब फुटलाय. बाईने मला सांगितलं नाही, का सांगेल? पण त्या कोंबाभोवती कुंपणाला काटे नेताना मी तिला पाहिलंय.

"जागा सांगतली का गुन जाते, साहेब," बाई म्हणाली.

तो हसला. माझ्याकडे वळला, "ताई, तुम्ही तरी समजवा यांना."

बाई माझ्याकडे बघत होती.

"खरं हाये, साहेब," मी म्हटलं. "गुन जाते."