टीव्हीत देवी दिसेपर्यंत

सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा मी नवस बोलले होते, "आई, यांना उठून बसव. तामलवाडीपासून तुळजापूरला अनवाणी येईन." त्या उठून बसल्या, मीही चालून आले. पण त्यांचे पाय उचलेनात म्हणून त्यांनी स्वतःचाच नेम धरला, "नवरात्रात टीव्हीत देवी दिसल्याबिगर घास घेणार न्हाय!"

शुगरची गोळी मात्र सकाळीच घ्यायच्या, तीही रिकाम्या पोटी. माझा जीव टांगणीला. नेटवरचं देवीचं दर्शन टीव्हीत दिसावं म्हणून पुण्याहून लेकीनं टीव्हीला जोडायची काडी पाठवली, आणि आमच्या परंड्याच्या घरात किस्से साचायला लागले.

*

पहिल्या दिवशी पडद्यावर नुसतं 'नो सिग्नल'. शेजारी शिवणकाम करणाऱ्या शबानाभाभी टॉर्च घेऊन टीव्हीमागं शिरल्या. काडी एका भोकात खोचलेली, रिमोटवर आम्ही निवडलेलं दुसरंच!

सासूबाई म्हणाल्या, "मशीनवर शिवताना तरी दोरा सुईतच घालता ना गं?"

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिमोटची पूजा केली. ओलं कुंकू बरोब्बर मधल्या बटणावर! बटण आत रुतलं, आणि समोर येईल ते आपोआप उघडायला लागलं. सासूबाई डोळे मिटून हात जोडून बसलेल्या. एकदम किंकाळी! पडद्यावर केस सोडलेली, पांढऱ्या डोळ्यांची हडळ.

त्यांनी डोळे उघडले. "ही कुठली देवी गं?"

मी घाबरून प्लगच उपटला.

*

मग एकदा अपडेट सुरू झालं. 'बंद करू नका' असं लिहून आलं, पट्टी अर्ध्यावर गेली आणि लाईटच गेली! ऊन माथ्यावर आलं, मी दुधाचा पेला पुढं केला.

"आत्याबाई, दूध तरी घ्या."

"थांब. देवी लुगडं नेसत आसंल."

*

अष्टमीला नेटच गेलं. सासूबाईंची शुगर उतरली, दरदरून घाम फुटला, हात लटलटायला लागले. शबानाभाभी हॉटस्पॉटसाठी मोबाईल आणायला धावल्या. फोनवर लेक ओरडत होती, "आई, रीस्टार्ट कर!" केलं, तर पडदा काळाठिक्कर.

मी साखर घेऊन पुढ्यात बसले. "आत्याबाई, तुमच्या पाया पडते, तोंड उघडा." दात घट्ट मिटलेले. नजर माझ्या खांद्यावरून टीव्हीकडं. मला रडू कोसळलं.

तेवढ्यात त्यांनी थरथरते हात जोडले. "दिसली गं बाई."

आणि तोंड उघडलं.

साखर भरवता भरवता मी वळून पाहिलं. भाभी दारातच मोबाईल धरून उभ्या होत्या. टीव्ही अजून काळाच होता. काचेत दिसत होतो आम्ही तिघी.

काय दिसलं, हे मी आजवर विचारलं नाही. पण बायांनो, तुम्हीपण एवढं करा. घरात कुणी असं उपाशी बसलं, तर रिमोट खाली ठेवा आणि आधी त्यांच्या पुढ्यात जाऊन बसा.