आठवं सुतक

एकाच बाईचं सात वेळा सुतक पाळलेलं माणूस अख्ख्या मुंबईत एकच असेल, आणि ते माझ्या नशिबी आत्या म्हणून आलं. गेलेली बाई पाकिस्तानातली, टीव्ही मालिकांत काम करणारी नटी. सुतक डिलाईल रोडच्या चाळीत, सर्वांत वरच्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत. नटीला याची काही कल्पना नव्हती. आम्हाला होती, कारण त्या दिवसांत आत्याकडून येणारा माशाच्या आमटीचा डबा बंद होई.

आत्याने लग्न केलं नाही. परळच्या एका इस्पितळात पस्तीस वर्षं नर्स होती. शेकडो माणसं तिच्यासमोर गेली, त्यातल्या एकासाठीही तिने डोळ्याला पदर लावल्याचं कुणी पाहिलं नाही. निवृत्त झाल्यावर माझ्या बायकोने तिला फोनवर त्या मालिका लावून दिल्या आणि तिथे तिला ही भेटली. आत्या तिचं नाव कधी घेत नसे, ‘आपली’ म्हणे. आपली एकोणिसाव्या वर्षी पहिल्या मालिकेत आली ती नुसती चहाचा ट्रे घेऊन, दोन वाक्यं बोलून गेली. मग धाकटी बहीण झाली, मग टाकलेली बायको. मग खरंच लग्न करून चार वर्षं गायब झाली आणि परत आली ती थेट नायकाची आई होऊन. “आणि तो घोडा तिच्याहून दोनच वर्षांनी लहान,” हे आत्या मला अशा सुरात सांगे की ते काम तिला मीच दिलं असावं. या सगळ्यात आपली मरे फार. क्षयाने, विषाने, बाळंतपणात, एकदा जिन्यावरून पडून. “सलाईन बघ कशी लावलीय मेल्यांनी, मरेल नाही तर काय,” असं म्हणत आत्या ते मरण तीन-तीनदा बघे. जिन्यावरून पडली त्या आठवड्यात आत्याचाही पाय मुरगळला. क्षयाच्या वेळी आत्या तीन आठवडे खोकत होती. एक्सरे स्वच्छ आला, आणि मालिका संपली तसा खोकलाही गेला. मी याला योगायोग म्हणतो, पण मोठ्याने म्हणत नाही.

आपली मेली की आत्या डोक्यावरून आंघोळ करी, देवाला फूल वाहणं बंद, मासे बंद. भिंतीवर आजोबांच्या फोटोशेजारी तिचा फोटो होता, त्याला हार. नवी मालिका सुरू झाली की हार काढायचा. दर वेळी हार निघाला की फोटोतला चेहरा मला जरा थोराड वाटे. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “चष्म्याचा नंबर वाढलाय तुमच्या.” दहाव्या दिवशी चाळीच्या गच्चीवर केळीच्या पानात दहीभात, शेजारी एक खारी, कारण चहाबरोबर खारी आवडते असं ती कुठल्याशा मुलाखतीत म्हणाली होती. कावळा शिवला की सुतक फिटलं. आणि सातही वेळा पान नीट टेकवायच्या आत कावळा हजर. समोरच्या खोलीतली वहिनी एकदा म्हणाली, “अहो आत्या, त्यांच्यात हे कावळाबिवळा काही नसतं.”

“म्हणान तर मी करतंय. थंय कोण करतला?” आत्या चिडली की मालवणीत उतरते आणि वाद तिथे संपतो.

मग एक दिवस त्या मालिका आपल्याकडे दिसेनाशा झाल्या. आपली त्या वेळी इस्पितळाच्या खाटेवर, बेशुद्ध, तोंडावर ऑक्सिजन, उशाशी लग्न मोडलेली मुलगी. भाग बाविसावा. तेविसावा काही केल्या उघडेना. आता ही मेली की जगली? आत्याने अर्धं सुतक धरलं. ओले मासे बंद, सुके चालू. हार आणला, पण फोटोला न घालता बाजूच्या खिळ्याला अडकवून ठेवला. तीन महिन्यांत तो सुकून काळा पडला. तेवढ्यात गणपती आठ दिवसांवर आले. आत्याकडे दीड दिवसाचा गणपती, एकही वर्ष न चुकलेला, आणि घरात सुतक असलं तर तो आणता येत नाही. शेवटी तिने कावळ्यालाच विचारायचं ठरवलं.

सकाळी गच्चीवर पान मांडलं. दुपारपर्यंत आम्ही उभे. पाण्याच्या टाकीवर अकरा कावळे ओळीने बसलेले, सगळे आमच्याकडे पाठ करून. एकही हलला नाही, ओरडलाही नाही. खालच्या रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा वर येईनात.

“शिवत नाही म्हणजे जिवंत आहे,” वहिनी हळूच म्हणाली.

“नाहीतर गेलीय आणि जीव कशात तरी अडकलाय,” आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “दुबईत तुझा मामेभाऊ आहे ना? त्याच्या बायकोला विचार. तिकडे दिसतं सगळं.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तेविसाव्या भागातच गेली, शुद्धीवर न येता. शिवाय त्या बाईंनी आता कामच सोडलंय, ही शेवटची मालिका. मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून तो निरोप चारदा वाचला आणि मग आत्याकडे गेलो. मखर अर्धवट करून ती हातात कात्री घेऊन बसली होती.

“काय रे?”

“वाचली.”

“डोळे उघडले?”

“उघडले.”

“काय बोलली?”

एवढी तयारी मी केली नव्हती. “पाणी मागितलं.”

“सगळे पाणीच मागतात,” ती म्हणाली, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि मखराचा कागद कापू लागली.

गणपती आले, गेले. मला मात्र चैन पडेना. छप्पन्न वर्षांचा माणूस, बँकेत चांगला हुद्दा, पण आरतीत टाळ्या वाजवताना नजर भिंतीकडे जायची. शेवटी एका रविवारी सकाळी डब्यात दहीभात घेऊन, आत्याला न कळवता, पाय न वाजवता मी थेट गच्चीवर गेलो. पान मांडलं. टाकीवर तेच अकरा, तसेच पाठमोरे. अर्धा तास गेला. मग लोक करतात तसं मी एकेक कबूल करत सुटलो. खोटं बोललो, चुकलो. मालिकेतल्या तुझ्या मुलीचं सगळं नीट होईल. हे माझ्या हातात कसं, ते कावळ्यांनी विचारलं नाही, पण हललेही नाहीत. ऊन चढलं. खालून आत्याच्या खोलीतून कपबशी विसळल्याचा आवाज आला, एकाच कपाचा. तेव्हा काही न ठरवता तोंडून गेलं, “आत्याची काळजी करू नकोस. मी आहे.”

अकराही माना एकदम वळल्या. त्यातला एक माझ्या कानाला वारा घालत उतरला आणि त्याने भातात चोच घातली.

खाली आलो, तर आत्या सुरमई तळत होती. आज मध्येच कुठून उगवलास, असं तिने विचारलं नाही. बस म्हणाली. दोन ताटं वाढली. तिच्या ताटात सुरमई, माझ्या ताटात वरणभात.

“आणि मला?”

“तुला आज चालत नाही.”

“मग तुला कसं चालतं?”

“सुतक कळलेल्याला लागतं,” ती म्हणाली. “मला कुणी काय सांगितलंय?”

मी खाली मान घालून भात कालवला. काटा काढता काढता ती म्हणाली, “एवढ्या आजारातून उठायचं म्हणजे वेळ लागतो. चालायला लागली असेल आता, भिंतीला धरून.”

“असेल.”

“पुन्हा काम घेईल ना रे?”

“घेईल की,” मी म्हणालो. “पण आधी जरा विश्रांती घेऊ दे तिला.”

“हो, घेऊ दे,” आत्या म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक पळी वरण वाढलं.