मालक की बैल

म्हाळसाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू झाला. शेण काढलं, धारा काढल्या, मग निमोणे गावातल्या आपल्या घराच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. बैलगाडा शर्यतीची नावनोंदणी वेबसाइटवर होई, आणि ती सांभाळायचं काम यात्रा कमिटीने तिला दिलं होतं. नोंदीत नावाचा रकाना एकच. लोक त्यात मालक आणि बैल, दोघांची नावं मध्ये रेघ मारून लिहीत. कमिटीचे प्रमुख आण्णा यांना दोन वेगळे रकाने हवे होते. म्हाळसाने स्क्रिप्ट, म्हणजे नावं आपोआप वेगळी करणारा छोटा प्रोग्राम, लिहिली: रेघेच्या अलीकडचा मालक, पलीकडचा बैल. स्क्रिप्ट चालली. जुना रकाना तिने लगेच पुसला. पुसायला कष्ट पडत नाहीत, घात तिथेच होतो.

कारण अर्ध्या लोकांनी बैलाचं नाव आधी लिहिलं होतं. या भागात माणूस बैलावरून ओळखला जातो.

घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढाच्या धावपट्टीवर, शर्यत सुरू झाली. माइकवर हरिबा. तो पडद्यावर दिसेल तेच पुकारतो; डोकं चालवत नाही, म्हणून तर त्याला ठेवलंय.

"घाटात येत्यात इंद्रजीतशेठ! चार दाती, रंग कोसा, शेपटीला गोंडा! आन् त्यांचे मालक, श्रीयुत सुंद्या!"

मालकाचा मान म्हणून कमिटीने सुंद्या बैलाला फेटा बांधला, शाल पांघरली. सुंद्याने हार खाल्ला. इकडे जनावरांच्या डॉक्टरांनी इंद्रजीतशेठना बाजूला घेतलं. बैलांच्या यादीत नाव आहे म्हटल्यावर तपासल्याशिवाय सोडता येत नाही.

"आ करा."

शेठनी आ केला. डॉक्टरांनी दात पाहिले, गुडघे दाबले आणि शेरा मारला: पळण्यास अपात्र. गाडा बाद.

आण्णा लालबुंद झाले. "म्हाळसे, रविवारी फायनल हाय, चुकून बाद झालेले गाडेबी तवाच पळवू. तवर माणसं माणसांत आन् बैलं बैलांत आली न्हाईत, तर तुझं काम बंद. आमच्या कागदाच्या चिठ्ठ्याच बऱ्या."

"आण्णा, बॅकअप हाय."

होता. पण तो उघडून बघायचे कष्ट तिने कधी घेतले नव्हते. उघडला तर रिकामा.

मग खरे कष्ट सुरू झाले. नोंदणी करताना प्रत्येकाला मोबाइलवर मेसेज गेला होता, त्यात नावं मूळची तशीच होती. ते मेसेज एकेकाकडून मागवून तिने जुना रकाना परत उभा केला. नवे दोन त्याच्या शेजारी घातले, रिकामे. नवा गोठा बांधून जनावरं तिथे रुळली, की मगच जुना पाडतात. हे तिला घरी ठाऊक होतं, लॅपटॉपवर सुचलं नव्हतं. शिरूरला मैत्रीण भाग्यश्रीच्या दुकानात जुना कॉम्प्युटर पडून होता. त्यावर सगळ्याची नक्कल उतरवली, ती उघडते हे पाहिलं, आणि नोंदी बदलण्याची तालीम आधी तिथेच केली. मग खऱ्या नोंदी. आधी थोड्या, मग बाकीच्या. फोनवर होकार देईल त्याचीच नोंद नव्या रकान्यांत जाणार. बाकीच्यांची जुन्यावरूनच दिसणार.

"सर्जेराव मामा, तुमी मालक का बैल?"

"थांब, घरात इचारतो."

मांडवगण फराट्याचे सावळाराम आबा मात्र अडून बसले. "मला बैलच राहू दे."

"आबा, असं कसं?"

"बैलाचं गुडघं डॉक्टर स्वतः दाबून बघतो. माझं कुनी बघितलं का कवा?"

म्हाळसाने जबरदस्ती केली नाही. होकार नाही, तर बदल नाही.

रविवारी आबा सोडून सगळी नावं जागच्या जागी आली. सुंद्या पात्र ठरला, इंद्रजीतशेठना फेटा मिळाला. मग पडद्यावर जुन्या रकान्यातली ओळ आली: पाखऱ्या – सावळाराम. हरिबा थबकला. त्याने पडद्याकडे पाहिलं, घाटाकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा डोकं चालवलं.

"येत्यात पाखऱ्या आन् सावळाराम! कोन कोन हाय ते तुमचं तुमी बघा!"

डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. दोघेही पात्र.

"एकच राहिला न्हवं?" आण्णा म्हणाले. "आन् तो खुशीनं राहिला. पुढच्या यात्रेलाबी तूच बघ."

त्या कामाच्या पगारातून म्हाळसाने भाग्यश्रीचा तो जुना कॉम्प्युटर विकत घेतला. त्यावर ती दुसरं काही करत नाही. फक्त तालीम.